एकोणीस मिनिटांचा अबोला

आमच्या भांडणामुळे अख्ख्या शहराची लाइन एकोणीस मिनिटं बंद पडली, असं सासूबाई येईल त्याला सांगतात. ते खरं नाही. भांडण चालू होतं तोवर सगळं व्यवस्थित चालू होतं. लाइन पडली ती आम्ही भांडायचे थांबलो आणि एकमेकांशी बोलेनासे झालो म्हणून.

मी कंट्रोल रूममध्ये सकाळच्या पाळीला बसते. समोर भिंतभर पडदा आणि त्यावर शहरातल्या सगळ्या फायबरच्या रेषा. हिरवी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे काम चालू, लाल म्हणजे धावा. नवरा जॉइंटर आहे. केसाएवढ्या काचेच्या धाग्यांची टोकं समोरासमोर आणायची आणि विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायची, हे त्याचं काम. हात सोन्याचा आहे, हे मी रागात असतानाही कबूल करते. पण माणूस इतका सावकाश की त्याच्या खात्यातले लोक त्याला 'सावकाश' अशीच हाक मारतात आणि तोही ओ देतो. माझ्याबद्दल खात्यात काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ते इथे लिहायचं काही कारण नाही.

शहरात बाहेरून येणारा प्रकाश दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट नदीकाठाने, दुसरी टेकडीमागून. रोजची वाट नदीची. टेकडीची नुसती तयार बसलेली असते. नदीची कुठे तुटली तर यंत्र स्वतःहून सगळी वाहतूक टेकडीवर वळवतं, तेही सेकंदाच्या विसाव्या भागात. फोनवर बोलणाऱ्याचा अर्धा शब्दसुद्धा गळत नाही. मधे काही तुटलं होतं हे लोकांना कळतच नाही, त्यामुळे आमचे आभारही कोणी मानत नाही. चालायचंच.

घोडं अडतं ते दुरुस्तीच्या वेळी. जॉइंटर नदीच्या वाटेवर धागे जोडत असला की प्रकाश घटकेत येतो, घटकेत जातो. यंत्राला वाटतं, झाली ही वाट बरी, आणि ते बिचारं तिकडे पळतं, की लगेच परत. या पळापळीत लोकांचे फोन तुटतात. म्हणून काम सुरू होण्याआधी कंट्रोल रूम सगळं टेकडीवर वळवून लॉक लावते. लॉक आहे तोवर यंत्र जागचं हलत नाही, टेकडीची वाट तुटली तरी नाही. काम संपलं की जॉइंटरने फोनवर म्हणायचं, "काम संपलं, लॉक काढा." कंट्रोल रूमने लॉक काढून म्हणायचं, "लॉक काढलं." हे कानाने ऐकल्यावरच जॉइंटरने आपल्या कागदावर वेळ लिहायची. एक विसरला तरी दुसरा आहे, एवढाच त्यामागचा विचार. सहा वर्षांत आम्ही दोघांनी लाइनवर अशी शेकडो कामं केली आणि एकदाही चुकलो नाही.

त्या मंगळवारी सकाळी साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. साहेबांना वाईट बातमी हळू आवाजात सांगायची सवय आहे, त्यामुळे ती आणखी वाईट वाटते.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांनी नाही म्हणून कळवलं, का हो?"

"कशाला नाही म्हणून?"

साहेबांचा चेहरा पडला. मुख्यालयात नव्या जॉइंटरांना शिकवायची एक जागा निघाली होती. संपूर्ण खात्यातून एकाच माणसाला विचारलं होतं, आणि तो माणूस माझा नवरा होता. त्याने दोन आठवड्यांपूर्वी 'जमणार नाही' असं लिहून दिलं होतं. दोन आठवडे! त्या दोन आठवड्यांत आम्ही एका ताटलीतली बिस्किटं खाल्ली होती, एका छत्रीतून बाजारात गेलो होतो, सासूबाईंचे दात काढायला दोघं मिळून गेलो होतो. आणि यातलं अक्षरही नाही.

तो त्याच वेळी नदीकाठच्या चेंबरमध्ये उतरून धागे जोडत होता. लॉक मीच लावलं होतं. दुपारी सव्वाच्या सुमाराला त्याचा फोन आला, 'शेवटचे चार धागे राहिले' असं सांगायला. मी काय बोलले ते पुढे येईलच. थोडक्यात सांगायचं तर माझा पारा चढला, मी हेडसेट काढून टेबलावर आपटला आणि पाणी प्यायला निघून गेले. परत आले तेव्हा फोन बंद झालेला होता. मला वाटलं, त्यानेही रागाने ठेवला असेल फोन. ठेवू दे. चार धागे झाले की करेल परत, कामाचा फोन तो कधी चुकवत नाही.

फोन आला नाही. नदीची रेषा पिवळीच राहिली. तीन वाजता पाळी बदलली तेव्हा मी वहीत लिहिलं, 'नदीवाट: सांधेकाम चालू, लॉक आहे.' पुढच्या पाळीवाल्याने लॉकला हात लावला नाही. लावायचाही नसतो.

संध्याकाळी तो घरी आला. आता कोणीही शहाणी बाई विचारेल, की अगं, नवरा घरी आला म्हणजे काम संपलं नाही का? तर नेहमी तसं नसतं. मोठा सांधा असला की काम दोन-दोन दिवस चालतं. चेंबरवर झाकण ठेवून लोक घरी येतात. एका वाक्याचा प्रश्न होता. पण मी विचारणार नव्हते. दोन आठवडे ज्याने मला काही सांगितलं नाही, त्याला मी कशाला काही विचारू?

जेवायला आम्ही तिघं बसलो.

"आई, यांना आमटी हवी आहे का विचारा," मी म्हणाले. आमच्यात मी त्याला अरे-तुरे करते. 'यांना' म्हटलं की घरात वादळ आहे, हे सासूबाईंना कळतं.

"आई, नको म्हणून सांग," तो म्हणाला.

सासूबाईंनी पळी खाली ठेवली. "मला मधे घेऊ नका. मला नवीन दातांनी जेवायचंय."

तर असे आम्ही दोघं, शहराची नदीवाट अडवून, हाताच्या अंतरावर बसून मुकाट्याने जेवत होतो. त्याला वाटत होतं लॉक निघालंय. मला वाटत होतं काम बाकी आहे. आमटी वाढताना कोणी एक शब्द बोललं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. सकाळी तो माझ्याआधी पिशवी उचलून गेला. मी मनाशी म्हटलं, गेला वाटतं उरलेलं काम करायला. तो गेला होता भलत्याच इमारतीच्या गच्चीवर, दुसऱ्या कामाला.

दहा चाळीसला टेकडीमागे एका खोदयंत्राने गटारासाठी खड्डा खणायला घेतला आणि टेकडीची वाट पहिल्याच घासाला तोडली.

पडदा लाल झाला. नदीची वाट आतून धडधाकट होती, पण तिच्यावर माझं लॉक होतं, आणि यंत्र आज्ञाधारकपणे जागच्या जागी उभं होतं. लॉक काढणं एका बटणाचं काम. पण जॉइंटरने 'संपलं' म्हटल्याशिवाय ते बटण दाबायला सक्त मनाई असते, कारण पलीकडे माणूस अर्धवट जोडलेले धागे हातात घेऊन बसलेला असू शकतो. डोळ्यांसमोर धरून तपासतोसुद्धा कधी, आणि तो प्रकाश डोळ्यात गेला तर डोळा जातो. मी त्याला खात्याच्या फोनवर फोन लावला; तो या रेषांवर चालत नाही. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. अकरा वेळा लावला. नंतर कळलं, पठ्ठ्या गच्चीवर बसून माझं नाव बघत होता आणि म्हणत होता, कामात नको, घरी काय ते भांडू.

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बँकांमध्ये लोक रांगेत एकमेकांची तोंडं बघत उभे होते. दवाखान्याच्या खिडकीवर नंबर देणं थांबलं होतं. एका परीक्षा केंद्रात चारशे मुलांच्या पडद्यावर नुसतं गोल फिरत होतं. साहेब माझ्यामागे उभे राहून हळू आवाजात 'काय करायचं, काय करायचं' म्हणत होते. शेवटी मी आमच्या घरी, खात्याच्या वेगळ्या साध्या तारेवर चालणाऱ्या जुन्या फोनवर, सासूबाईंना फोन लावला.

"आई, त्याला फोन करा आणि विचारा, नदीचं काम संपलं का!"

"मी कालच सांगितलं, मला मधे घेऊ नका."

"आई!"

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्यांनी मुकाट्याने फोन ठेवला आणि लेकाला लावला. आईचा फोन त्याने पहिल्या घंटेला घेतला. दोन मिनिटांनी सासूबाई मला परत फोन करून म्हणाल्या, "काम काल दुपारीच संपलंय म्हणतो. आणि विचारतो, लॉक काढलं नाहीस का?"

मी बटण दाबलं. सगळ्या रेषा हिरव्या झाल्या. एकोणीस मिनिटं झाली होती.

चौकशी शुक्रवारी लागली. अहवालात ज्याचं नाव येईल त्याचं काय होणार हे खात्यात सगळ्यांना तोंडपाठ असतं. जॉइंटरचं आलं तर त्याचा परवाना वर्षभर जातो आणि तो गोदामात केबलची भेंडोळी मोजत बसतो. कंट्रोल रूमवाल्याचं आलं तर त्याची बढती जाते. आणि माझी बढती अगदी दारात उभी होती. पुढच्या महिन्यात मी शिफ्टप्रमुख होणार होते. या खोलीत बाईमाणूस शिफ्टप्रमुख झालेलं नव्हतं. मी झाले नाही तर ती खुर्ची आमच्या होयबाला जाणार होती. होयबा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. त्याने आयुष्यात साहेबांच्या कुठल्याच वाक्याला 'नाही' म्हटलेलं नाही आणि त्याला नदीची वाट कुठली नि टेकडीची कुठली हे अजूनही पडद्यावर बोट फिरवून बघावं लागतं. नऊ वर्षं मी त्या खुर्चीसाठी झिजले होते.

नवऱ्याच्या कागदावर लिहिलं होतं, '१.२५, लॉक काढल्याचं ऐकलं.' ऐकलं! मी बोललेच नव्हते तर त्याने ऐकलं कसं? मी आठवून आठवून पाहिलं. 'काम संपलं' हे शब्द त्याने उच्चारलेच नव्हते, याबद्दल माझी खात्री होती. म्हणजे चूक त्याची, आणि वर खोटी नोंद. घरात आम्ही आता बोलत होतो, पण गॅस संपला, बल्ब गेला, इतपतच. चौकशीबद्दल तो एकदाच म्हणाला, "तू काळजी करू नकोस." मला वाटलं, करायची तर त्याने करायला हवी.

कंट्रोल रूमचा प्रत्येक फोन टेप होतो. पण ती टेप उठसूट कोणाला ऐकता येत नाही; चौकशीतल्या माणसाने अर्ज केला तरच ती चौकशीच्या खोलीत उघडते. मी बुधवारीच अर्ज दिला. खरं सांगते, तो देताना मला जराही वाईट वाटलं नाही. त्याने माझ्यापासून लपवलं होतं, मग मी कशाला मागे बघू? परवाना गेला तर वर्षभराचा प्रश्न होता. माझी खुर्ची गेली तर गेलीच.

मुख्यालयातून चौकशीला एक बाई आल्या होत्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, पायात खेळाचे बूट. लांबट टेबल, एका बाजूला त्या, साहेब आणि लिहून घेणारा. दुसऱ्या बाजूला मी. नवरा बाहेर बाकावर बसला होता. आम्हाला एकेकट्याने आत घेत होते, आणि त्याचं आधी झालं होतं.

बाईंनी एक कागद पुढे ओढला. "जॉइंटरने लेखी दिलं आहे. 'काम संपल्यावर लॉक काढायला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. नोंद मी अंदाजाने केली. चूक पूर्णपणे माझी आहे.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तसा प्रश्न मिटतोय. तुम्ही टेपसाठी अर्ज केलाय. अजून ऐकायची आहे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत मी शिफ्टप्रमुख म्हणून बाहेर पडले असते. साहेब तर मान हलवून मला खुणावत होते. पण माझ्या मनात आलं, नुसतं कागदावर कशाला? त्याची चूक आणि माझा नेटकेपणा सगळ्यांच्या कानावर जाऊ दे. मला बरोबर असून भागत नाही, मी बरोबर आहे हे चार लोकांना ऐकू यावं लागतं. हा माझा जुना रोग आहे.

"ऐकूया," मी म्हणाले.

टेप सुरू झाली. आधी माझाच आवाज, भलताच गोड. "कंट्रोल. बोला नदीवाट."

"शेवटचे चार धागे राहिलेत. दहा मिनिटं."

"बरं. आणि ती शिकवायची जागा कुठवर आली?"

"कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

"कोणी का सांगेना! तू सांगितलं नाहीस ना!"

"अगं, ते घरी बोलू."

"घरी तू बोलतोस कधी? घरी तू जेवतोस! आणि जेवलास की पेपर तोंडावर घेऊन झोपतोस! नऊ वर्षांत तू स्वतःहून सांगितलेली एकमेव गोष्ट म्हणजे तुझ्या बुटाचा नंबर!"

लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं. हे लिहायचं का, अशा नजरेने त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, तेव्हा त्याने लिहिलं. साहेब छताकडे बघत होते. टेपमध्ये मी त्याच्या सावकाशपणावर, त्याच्या पिशवीवर, त्याच्या भावाच्या लग्नात तो कुठे जाऊन बसला होता त्यावर सविस्तर बोलत होते. मला टेबलाखाली शिरावंसं वाटत होतं. मी नेटकी बोलते, असा माझा समज होता.

मग हेडसेट आपटल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. माझी पावलं लांब गेली.

मी समोरच्या कागदावर माझे मुद्दे काढले होते, आठ होते. पहिला वाचायला तोंड उघडलं, एवढ्यात टेपमधून त्याचा आवाज आला. हेडसेट टेबलावर पडला होता, पण लाइन चालूच होती.

"अगं, ऐक तरी," तो म्हणत होता. "ओरडून झालं का? मी सांगणार होतो. पण तुला वाटलं असतं मी उपकार करतोय, आणि मग तू शिफ्टप्रमुखाचा अर्जच मागे घेतला असतास. तुझा काय भरवसा? ती जागा मुख्यालयात आहे. तू इथे, मी तिथे, आणि तुझ्या पाळ्या कशाही फिरणार. आईकडे कोणीतरी बघायला हवं. मग मीच नाही म्हटलं. मला त्याचं काही वाटत नाही. खरंच नाही वाटत." मधे ठिणगीचा बारीक आवाज झाला, म्हणजे तो बोलता बोलता जोडत होता. "आणि दुसरं म्हणजे, मी सकाळची कामं मागून घेतो, माहीत आहे का तुला? तुझी पाळी असते म्हणून. चेंबरमध्ये खाली एकटं असताना कानात तुझा आवाज असला की हात हलत नाही माझा. तिकडे मुख्यालयात कोण असणार लाइनवर?"

आणखी तीन ठिणग्या. मग बराच वेळ काही नाही.

"झाले चारही. काम संपलं. लॉक काढ." थोडा वेळ गेला. "ऐकलंस का? काम संपलं, लॉक काढ." पुन्हा शांतता. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "रागावली आहे. बोलणार नाही. पण काढलं असशीलच. तू विसरायची नाहीस. लिहितो मी, एक पंचवीस."

आणि फोन ठेवल्याचा आवाज.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मला माझीच इतकी लाज वाटली की चेहरा कुठे ठेवावा कळेना. त्याने दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी तिथे नव्हते. आणि मी इथे आले होते ते त्याला बुडवायला, ज्या खुर्चीसाठी त्याने स्वतःची जागा सोडली तीच खुर्ची मिळवायला.

"तुम्ही त्या वेळी कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"पाणी प्यायला गेले होते. काम चालू असताना हेडसेट सोडून." थांबले असते तर पुढचं बोलले नसते. "त्याचं लेखी खोटं आहे. त्याने नियमाप्रमाणे सांगितलं होतं. परत आल्यावर उलट फोन करून विचारणं माझं काम होतं. मी केला नाही. संध्याकाळी तो समोर बसला होता तेव्हाही विचारलं नाही. चूक माझी आहे. त्याची एवढीच, की न ऐकता लिहिलं."

"का लिहिलं असेल, वाटतं?"

"मी चुकणार नाही असं त्याला वाटलं म्हणून."

"आणि तुम्ही का विचारलं नाहीत?"

"तो फोन चुकवणार नाही असं मला वाटलं म्हणून."

बाईंनी टेबलावर दोन पेन्सिली अगदी चिकटवून ठेवल्या. "दोन केबल एकाच पाइपातून नेल्या तर त्यांना दोन वाटा म्हणत नाहीत. एका फावड्याने दोन्ही जातात. ही पद्धत दोन माणसांसाठी आहे. तुम्हाला आम्ही दोन माणसं धरत होतो, ही आमची चूक."

निर्णय तासाभरात आला. अहवालात नाव माझं. वर्षभर बढतीचा विचार नाही, शिफ्टप्रमुख होयबा. नवऱ्याला न ऐकता नोंद केल्याबद्दल आणि खोटं लिहून दिल्याबद्दल लेखी ताकीद, परवाना शाबूत. आणि एक नवा नियम: एका घरातली दोन माणसं यापुढे एका लाइनवर काम करणार नाहीत.

मी बाहेर आले. तो बाकावर बसला होता, पिशवी मांडीवर घेऊन. मला बघून उठला.

"झाली का शिफ्टप्रमुख?"

"होयबा झाला."

"कसा काय? मी लिहून दिलं होतं ना! तेवढ्यावर भागत होतं."

"भागत होतं. पण तुला कोणी सांगितलं होतं लिहून द्यायला? पुन्हा मला न विचारता!" मी ओरडलेच. मग मी बाकावर बसले. "टेप मी वाजवायला लावली. तुझी चूक सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. तुझा परवाना गेला असता तरी मला चाललं असतं. हे तुला माहीत असू दे."

तो माझ्याशेजारी बसला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सगळी वाजवली?"

"सगळी."

"साहेबांसमोर?"

"हो. आणि लिहूनही घेतली."

त्याने कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता रागावेल. रागावला असता तर मला बरंच वाटलं असतं. पण तो म्हणाला, "जाऊ दे. खुर्ची वर्षभराने येईल. होयबा तोवर काहीतरी पाडेलच." मी त्याला परवाना राहिल्याचं सांगितलं, ताकिदीचं सांगितलं. ती त्याने खांदे उडवून घेतली. मग मी नवा नियम सांगितला, आणि त्याचं तोंड उतरलं.

"म्हणजे लाइनवर तू नसणार?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तो हाताच्या बोटांकडे बघत राहिला. इतक्या गोष्टी त्या दिवशी आमच्या हातून गेल्या, त्यातली त्याला हीच लागली, आणि ती माझ्यामुळे गेली होती. मला रडू आलं. साहेब दारातून बाहेर येत होते, ते मला बघून आल्या पावली आत गेले.

"मग घरी बोलायला शिकावं लागेल मला," तो अगदी सावकाश म्हणाला. "जमेल हळूहळू. फक्त तू मधेच उठून जाऊ नकोस."

"नाही जाणार," मी म्हणाले.